दोरापलीकडचे बटाटे

बुफेला जायचं, पण सगळ्यांच्या आधी जाऊन उभं राहायचं, एवढं साधं ठरलं होतं. दालनसाहेबांच्या आयुष्यातले सगळे घोटाळे अशाच साध्या ठरावांतून झालेत, पण हे त्यांना सांगणार कोण?

दालनसाहेब म्हणजे संग्रहालयातल्या चिनी मातीच्या भांड्यांच्या दालनावरचे मुख्य रक्षक. हुद्दा फार मोठा नाही, पण त्यांच्या दालनात आजवर एक बशीसुद्धा फुटलेली नाही, आणि याचा त्यांना असा अभिमान आहे की जणू त्या बशा त्यांनीच घडवल्या. हात मागे बांधून, मान किंचित वाकडी करून ते एका जागी तासन्‌तास उभे राहू शकतात. एखाद्याचं बोट भांड्याच्या दिशेनं नुसतं वळलं तरी त्यांच्या घशातून असा काही आवाज निघतो की तो माणूस मुकाट्यानं बोट खिशात घालतो. घरी हा आवाज चालत नाही. घरी वहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, चालतो.

आणि आता तर काय, दालनसाहेबांच्या पोटात वहिनींचीच किडनी. मागल्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या दोन्हींनी राजीनामा दिला तेव्हा वहिनींनी आपली एक काढून दिली. दिली म्हणजे, कागदोपत्री दिली. सासरच्या मंडळींच्या मते ती अजूनही त्यांच्याच घराण्याची मालमत्ता असून जावयाकडे नुसती सांभाळायला ठेवली आहे. सासूबाईंचा रोज सकाळी फोन येई आणि पहिला प्रश्न असे, "आमची कशी आहे?" दालनसाहेब सुरुवातीला "ती मजेत, स्वयंपाकघरात आहे" असं सांगत. मग त्यांना कळलं की चौकशी मुलीची नसून तिच्या धाकट्या शाखेची आहे. (त्यांची स्वतःची चौकशी करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आपण नुसता तिचा डबा, असं त्यांच्या लक्षात आलं होतं.)

नवी किडनी शरीरानं परकी समजून हाकलू नये म्हणून डॉक्टरबाईंनी ज्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांनी दालनसाहेबांची प्रतिकारशक्ती पार झोपवून टाकली होती. दुसऱ्याला नुसती शिंक येईल तिथे यांना दवाखाना दाखवावा लागेल, असं बाईंनी बजावलेलं. मग काय, मास्क, हातमोजे, उकळलेलं पाणी, ताजं शिजवलेलं जेवण आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाची कसून तपासणी. संग्रहालयात जायचे ते मागच्या दारानं, गर्दी नसेल त्या वेळी. पाहुणा म्हणून कुणी घरी येईना आणि हे कुणाकडे जाईनात. दालनसाहेबांचं काही अडलं नव्हतं. न बोलणाऱ्या भांड्यांत त्यांचा जन्म गेलेला. पण वहिनी म्हणजे माणसांत रमणारी बाई. जिना उतरताना चार मजल्यांवर चार गप्पा करून खाली पोचणारी. तिनं वर्षभर चार भिंती आणि हा एक नवरा यांच्याकडे बघून काढलं, आणि तोंडातून एक शब्द काढला नाही.

मग मेहुण्यांच्या निवृत्तीचं आमंत्रण आलं. मेहुणे म्हणजे वहिनींचे थोरले भाऊ, पाणीपुरवठा खात्यातले. मोठा हॉल, खात्यातली सगळी मंडळी, आणि बुफे. वहिनींनी आमंत्रण वाचलं, घडी घातली, आणि भाजी चिरता चिरता सहज म्हटल्यासारखं म्हणाल्या,

"मला एकदा चारचौघांत बसून जेवायचंय हो. तुमच्याबरोबर."

बुफे म्हटलं की दालनसाहेबांना दिसे ते उघडं अन्न, त्यावर वाकलेली माणसं, आणि शंभर हातांतून फिरलेला एकच डाव. पण वहिनींनी वर्षभरात मागितलेली ही पहिली गोष्ट. नाही म्हणायचं कोणत्या तोंडानं? आतली किडनीसुद्धा त्या क्षणी तिच्याच बाजूनं मत देईल, अशी त्यांना खात्री वाटली.

डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जा, पण डोळे उघडे ठेवून. वाफा निघत असतील तेच घ्यायचं, भांड्याचं झाकण नुकतंच उघडलेलं असेल तेव्हाच घ्यायचं. कच्चं सॅलड, कापून ठेवलेली फळं, थंड क्रीमचे प्रकार यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. वाढून घेतल्यावर आणि जेवायच्या आधी हात धुवायचे. आणि पुढच्या आठवड्यात रक्त तपासू. ते चांगलं आलं तर हळूहळू बाहेर पडायला लागा. ताप आला, काही बिघडलं, तर मात्र पुन्हा घरात, आणि या वेळी किती दिवस ते मी सांगू शकत नाही. हे शेवटचं वाक्य ऐकताना वहिनींनी खाली बघितलं. दालनसाहेबांनी ते पाहिलं. ही किडनी बिघडली तर वहिनींकडे द्यायला तिसरी नव्हती, हेही त्यांना ठाऊक होतं. त्या रात्री त्यांनी मनाशी ठरवलं की हा बुफे आपण दालनासारखा सांभाळायचा.

ठरल्या दिवशी ते टॅक्सीत बसले तेच सूचना देत. मी पुढे, तू माझ्या मागे. झाकण उघडलं की आपण पहिले. कुणी दोन शब्द बोलायला थांबवलं तर नुसतं हसायचं आणि भांड्यावरची नजर हलवायची नाही. वहिनी दोनदा म्हणाल्या, "अहो, माझं ऐका तर, मी सकाळी तिकडे..." पण दालनसाहेब सॅलडवर पोचले होते, आणि सॅलडनंतर फळं, फळांनंतर डावाचा दांडा. वहिनींनी शेवटी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

हॉलवर पोचले तेव्हा कुणी आलेलं नव्हतं, यजमानसुद्धा. एका भिंतीला लांबच लांब टेबल, त्यावर झाकणं घातलेली मोठी स्टीलची भांडी, खाली मंद ज्योती. दालनसाहेबांनी काळा कोट, मास्क आणि हातमोजे अशा थाटात टेबलाच्या टोकाशी जागा धरली आणि सवयीनं हात मागे बांधले. वहिनींना येणारी नातेवाईक मंडळी दिसली आणि त्या तिकडे ओढल्या गेल्या. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

पण भाषणांचा हिशेब दालनसाहेबांनी धरला नव्हता. मेहुण्यांचे मोठे साहेब बोलायला उभे राहिले. पाणी हा त्यांचा विषय, आणि तो त्यांनी उगमापासून धरला. इकडे स्वयंपाकघराला वाटलं, भाषण म्हणजे दोन मिनिटं, म्हणून त्यांनी झाकणं उघडली. वाफ निघाली आणि निघतच राहिली. साहेब अजून डोंगरात होते, आणि कोंबडी निवत होती.

पाहुणेही चुळबुळायला लागले. एक जण टेबलाशी येऊन सुपात डोकावला आणि तिथेच, सुपावरच, मनसोक्त शिंकला. दुसऱ्यानं भाताचा डाव उचलून तो कोंबडीत बुडवून बघितला आणि परत भातात खोचला. एका बाईंनी पावाचे चार तुकडे बोटांनी दाबून पाहिले व पाचवा पसंत केला. दालनसाहेबांच्या घशातून तो आवाज दोनदा निघाला, पण मास्कमधून त्याचा नुसता खोकला झाला, आणि लोक त्यांच्याकडेच संशयानं बघायला लागले. वर्षभराची मेहनत आणि बायकोची किडनी, दोन्ही आता त्या शिंकऱ्या माणसाच्या हाती होत्या.

इतक्यात स्वयंपाकघरातून एक भांडं नव्यानं आलं. त्यांच्या अगदी समोर ठेवलं, झाकण उघडलं, आणि आत उकडलेले बटाटे. साधे, सालीसकट, वर लोणी, अंगातून वाफा. कुणाचा हात नाही, कुणाचा डाव नाही, कुणाचा श्वाससुद्धा नाही. दालनसाहेबांना ते बटाटे बघून जे वाटलं ते लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. (हे त्यांनी वहिनींना अजून सांगितलेलं नाही.) हे भांडं भाषण संपेपर्यंत असंच राखायचं. राखण्यातच तर हयात गेली.

आणि कोपऱ्यात काय उभं असावं? पितळी खांब आणि त्यांना अडकवलेला लाल मखमली दोर, कुणी बडा पाहुणा आला की दाराशी लावतात तसा. दालनसाहेबांचे हात त्यांना न विचारताच कामाला लागले. क्षणात बटाट्यांभोवती चौकोनी कडं पडलं. त्यांनी भांड्यावर झाकण घातलं, दोर सारखा केला, एक पाऊल मागे आले, हात मागे बांधले, मान किंचित वाकडी केली, आणि उभे राहिले.

साहेबांचं भाषण समुद्राला मिळालं, टाळ्या झाल्या, आणि लोक टेबलाकडे वळले. पण सुपाकडे कुणी जाईना, कोंबडीकडे कुणी जाईना. सगळे येऊन दोरापाशी थांबले. आवाज आपोआप खाली आले. दोघातिघांनी हात मागे बांधले. एकानं मोबाइल काढून झाकणाचा फोटो घेतला.

मोठे साहेब पुढे झाले. "यात काय आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

दालनसाहेबांना संग्रहालयात असे प्रश्न रोज येतात, आणि उत्तर द्यायचं नसेल तर गंभीर राहायचं ही तिथली रीत. ते म्हणाले, "योग्य वेळी उघडलं जाईल."

झालं. गर्दीत कुजबुज पसरली. मेहुण्यांना वाटलं, आचाऱ्यानं आपल्यासाठी काही खास करून आणलंय आणि आपल्याला गुपित ठेवलंय. ते गहिवरले. आचाऱ्याला वाटलं, यजमानांनी बाहेरून काही मागवलंय आणि त्यावर आपला माणूस सोडून दुसरा उभा केलाय. तो घुश्शात बाहेर आला, पण मेहुण्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून इतके आभार मानले की तो भांबावून गप्प बसला. गप्प बसला की माणूस त्यात सामील होतोच. रांग लागली. रांग बघून आणखी लोक आले. सूप एकटं पडलं.

दालनसाहेबांना आता बटाटे घेऊन निसटायचं होतं, पण एवढ्या डोळ्यांदेखत आपल्याच ताटात वाढून घ्यायचं कसं? त्यांनी झाकण उघडलं मात्र, मोठ्या साहेबांनी प्लेट पुढे केली. हातमोजे, मास्क, काळा कोट आणि समोर भांडं, मग साहेबांचं काय चुकलं? दालनसाहेबांनी एक बटाटा वाढला. मागून दुसरी प्लेट आली. एकाला वाढलं तर दुसऱ्यानं काय घोडं मारलं होतं, असं करत करत दालनसाहेब वाढपी होऊन बसले.

पण वाढपी झाले तरी बाणा दालनातला. डावाला हात लावायचा नाही. भांड्यावर वाकायचं नाही. हात धुऊन या, मग वाढतो. तो शिंकरा गृहस्थ रांगेत लागला तेव्हा त्याला त्यांनी एकच नजर दिली, आणि तो आपण होऊन शेवटी जाऊन उभा राहिला. खात्यातले भले भले अधिकारी निमूट हात धुऊन परत येत होते, कारण दोराच्या पलीकडचा माणूस काय म्हणेल ते ऐकायचं, हे आपल्या अंगात कुठून येतं देव जाणे. आणि खाऊन बघणारे माना डोलावत होते. असा बटाटा खाल्ला नव्हता म्हणे. साधेपणातच खरी कला असते म्हणे. मोत्यांची माळ घातलेल्या एक बाई तर दुसऱ्यांदा आल्या आणि बराच वेळ नुसत्या त्यांच्या वाढण्याकडे बघत राहिल्या. भांड्यातला शेवटचा बटाटा, ज्यावर दालनसाहेबांनी मघापासून डोळा ठेवला होता, तोही त्यांच्याच प्लेटमध्ये गेला.

रिकामं भांडं समोर, पोटात कावळे, आणि बाकीच्या टेबलावर आता शंभर हात फिरून गेलेले. दालनसाहेबांना रडू यायचं बाकी होतं. त्यांनी मान वर करून वहिनींना शोधलं. त्या पलीकडे बहिणींच्या घोळक्यात बसल्या होत्या आणि हसत होत्या. तोंडाला पदर वगैरे न लावता, मान मागे टाकून, पूर्वी हसायच्या तशा. दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्यापासून हे हसू त्यांनी ऐकलं नव्हतं. ते आपण विसरूनच गेलो होतो, हे त्यांना आत्ता कळलं. उपाशी तर उपाशी, असं त्यांनी ठरवलं. घरी जाऊन दूधभात खाऊ.

वहिनींनी पाहिलं आणि उठून आल्या. खांबांकडे, दोराकडे, रिकाम्या भांड्याकडे आणि नवऱ्याच्या हातातल्या डावाकडे त्यांनी क्रमानं बघितलं. काही विचारलं नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात काही गोष्टी न विचारता कळतात आणि काही विचारूनही कळणार नसतात.

"संपलं असेल तुमचं, तर जेवायला चला," त्या म्हणाल्या.

"काय जेवायला? सगळ्यांचे हात लागलेत."

वहिनी त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिथे शेगडीवर एक छोटं झाकलेलं पातेलं होतं आणि शेजारी दोन स्वच्छ ताटं. गरम कोंबडी, गरम भात, नीट शिजवलेल्या भाज्या, सगळं वेगळं, कुणाचा हात न लागलेलं. वहिनींनी सकाळीच हॉलवर फोन करून आचाऱ्याला सगळं समजावून सांगितलं होतं, आणि त्यात त्याला काही विशेष वाटलंही नव्हतं.

"हे मला आधी सांगायचं नाही का?"

"टॅक्सीत तेच सांगत होते. तुम्ही डावाच्या दांड्यावर होतात."

दोघांनी हात धुतले, आपापली ताटं घेतली आणि बाहेर, गर्दीपासून जरा दूर, खिडकीपाशी मांडलेल्या टेबलावर येऊन बसले. दालनसाहेबांनी कोट काढला, हातमोजे काढले, मास्क काढला. वर्षभरानंतर ते लोकांसमोर तोंड उघडं टाकून बसले होते, आणि वहिनी शेजारी जेवत होत्या, आणि बहिणी खुर्च्या ओढून भोवती येत होत्या. सासूबाई समोर बसून एकटक बघत होत्या. प्रत्येक घास नेमका कुठे पोचतो याचा त्या अंदाज घेत असाव्यात.

मोठे साहेब जाता जाता टेबलाशी थांबले. मास्कविना दालनसाहेबांना त्यांनी ओळखलं नाही. यांच्या ताटात वाकून बघितलं आणि हळहळले. तुम्हाला उशीर झाला वाटतं, म्हणाले, बटाटे संपले. मग जरा वेळ त्यांनी दालनसाहेबांना ते बटाटे कसे होते याचं वर्णन करून सांगितलं. दालनसाहेबांनी ते बटाट्याला मुकलेल्या माणसाच्या आदरानं ऐकून घेतलं.

पुढचा आठवडा मात्र हसण्यासारखा नव्हता. दालनसाहेब सकाळ, दुपार, संध्याकाळ ताप मोजत, आणि त्यांचा मोजून झाला की वहिनी पुन्हा मोजत. जरा अंग कोमट लागलं की दोघंही एकमेकांकडे बघत नसत. वहिनींनी त्या संध्याकाळचा विषय एकदाही काढला नाही. आपण आग्रह केला नसता तर, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, आणि ते पुसायचं कसं हे दालनसाहेबांना कळत नव्हतं. एकदा ते नुसतंच म्हणाले, काही झालं तरी त्या दिवशी तू हसलीस ते चांगलं झालं. वहिनी उठून आत गेल्या आणि बराच वेळ भांडी घासत बसल्या. (भांडी घासलेलीच होती.)

रक्त दिलं, रिपोर्ट आला, डॉक्टरबाईंनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. तेवढ्या वेळात दालनसाहेबांनी मनातल्या मनात सगळ्या देवांची यादी संपवून पुन्हा सुरू केली होती. बाई म्हणाल्या, उत्तम. किडनी झकास चाललीय. आता हळूहळू बाहेर पडा, माणसांत जा, काळजी घेऊन जेवा. दालनसाहेबांचा जीव भांड्यात पडला. वहिनींनी डोळ्यांना रुमाल लावला तो काही केल्या काढेनात. बाहेर आल्यावर त्या दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आणि एकदम हसायलाच लागल्या, आणि दालनसाहेबही शेजारी बसले. दोघं रडताहेत की हसताहेत ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना कळेना. दालनसाहेबांना तर खालचा दगडसुद्धा मऊ वाटत होता.

तेवढ्यात मेहुण्यांचा फोन आला. वहिनी बोलल्या, ऐकलं, हो हो म्हणाल्या, आणि फोन ठेवून नवऱ्याकडे जरा वेगळंच बघायला लागल्या. मोत्यांची माळ घातलेल्या त्या बाई मेहुण्यांच्या खात्यातल्याच एका अधिकाऱ्याच्या पत्नी. त्यांच्याकडे पुढच्या महिन्यात मोठा बुफे आहे. इतका स्वच्छ आणि शिस्तीचा वाढपी त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, आणि तो त्यांना हवाच आहे. मेहुण्यांनी तो आपल्या घरचा जावई आहे असं सांगायचं धाडस केलं नव्हतं.

दालनसाहेब ताठ झाले. संग्रहालयाचा मुख्य रक्षक आहे मी, म्हणाले, वाढपी नाही. तू त्यांना स्पष्ट सांगायला हवं होतंस.

"मी हो म्हटलंय," वहिनी म्हणाल्या. "त्या भांड्यामागे उभे असलात की तुमच्या तोंडात एक कण जात नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या किडनीला बुफेत याहून सुरक्षित जागा नाही."

दालनसाहेबांनी दुखावल्या आवाजात विचारलं की आपण भांड्यामागे उभे राहणार, तर तेवढा वेळ वहिनी काय करणार.

"मला पाहुणी म्हणून बोलावलंय," वहिनी साडी झटकत उठल्या. "तुम्हाला मागच्या दारानं यायला सांगितलंय."